एकचक्रेचें रान आणि नागराज

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या सडकेवर, सेलू तालुक्यांत, केळझर हें गांव आहे. वर्ध्यापासून तें सुमारें सव्वीस किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें सोळा मैलांवर पडतें. सडकेनें जाणारास प्रथम टेकडी व टेकडीवरील श्रीगणपतीचें देवालय दिसतें. विदर्भांतील अष्टविनायकांत या सिद्धिविनायकाची गणना होत असल्यामुळें चतुर्थीस येथें लांबलांबचे भाविक येतात. आसपास जुन्या किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. टेकडीवरून पाहिलें असतां खालीं पऱ्हाटीचीं व तुरीचीं शेतें पसरलेलीं दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे, वायव्येस, बोरच्या रानाची काळसर कड आकाशास टेकलेली दिसते. साग, ऐन, तेंदू, मोह, पळस आणि बांबू यांचें हें पानगळीचें रान १९७० सालीं अभयारण्य झालें, व २०१४ सालीं त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला.

केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी या भागांतील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. एकचक्रेवर हक्क सांगणारीं स्थळें इतरत्रहि आहेत. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांत तर एकचक्रा याच नांवाचें गांव आहे. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. एखाद्या गांवानें एखादी कथा आपली म्हणून सांभाळली असली, म्हणजे तेथें बसून ती आठवण्याची गोडी निराळीच असते.

कथा वाचकांच्या परिचयाची आहे. लाक्षागृहांतून सुटलेले पांडव ब्राह्मणवेषानें एकचक्रेंत एका गरीब ब्राह्मणाच्या घरीं राहूं लागले. नगराबाहेर बक नांवाचा राक्षस होता. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि तें घेऊन जाणारा एक मनुष्य, एवढा कर त्यास पाळीपाळीनें प्रत्येक घरानें द्यावयाचा. ब्राह्मणाची पाळी आली तेव्हां तो म्हणे मी जातों, पत्नी म्हणे मी जातें, मुलगी म्हणे मला पाठवा; आणि ज्याला नीट बोलतांहि येत नव्हतें असा धाकटा मुलगा हातांत गवताची काडी घेऊन म्हणाला, या काडीनें मी राक्षसाला मारीन. दुःखानें व्याकुळ झालेल्या त्या घरांत त्या शब्दांनीं क्षणभर आनंद झाला, असें व्यासांनीं सांगितलें आहे. पुढें कुंतीनें भीमास धाडलें आणि त्या नगराचा कर कायमचा चुकला.

या कथेंतील राक्षसाहूनहि मला त्या नगराची रीत अधिक भयंकर वाटते. घरटीं एक मनुष्य जातो, आज त्याच्या घरचा, उद्यां आपल्या घरचा. आणि सगळें नगर तें नित्याचें मानून चालतें. असल्या पाळ्या केवळ पुराणांतच असतात असें नाहीं. यंदाच्या कार्तिकांत केळझरास गेलों असतां हा विचार ज्या कारणानें मनांत आला, तें कारण सर्पाचें होतें, आणि तेंच या लेखाचें निमित्त आहे.

आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों होतों तें घर मोठें. तीन भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें, म्हातारी आई, असा सारा गोतावळा एका छपराखालीं नांदणारा. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर बसलों आणि रानाच्या गोष्टी निघाल्या. वाघाचें त्या बाजूस फारसें अप्रूप नाहीं. खांबाशीं टेकून बसलेला त्यांचा वृद्ध गुराखी हळूच म्हणाला, “गुरुजी, वाघाचं काय घेऊन बसले? त्या रानात नागराजा हाये. म्या सोताच्या डोयानं पाह्यला. तोंड इकडच्या धुऱ्यावर, शेपूट तिकडच्या धुऱ्यावर, अन् जाडी म्हनाल तं माह्या मांडीएवढी!”

मीं विचारलें, “फणा काढला होता काय, बाबा?”

“नाई जी. फना काई काढला नाई. हालेचना. जसा पडला व्हता तसाच पडून ऱ्हायला.”

“अंगावर कांहीं खूण?”

“चट्टे व्हते. वाकयीले ठिगयं लावल्यावानी.”

घरांतील मुलें डोळे विस्फारून ऐकत होतीं. म्हाताऱ्यानें जें पाहिलें तें खरेंच पाहिलें होतें. नांव मात्र दुसऱ्याचें दिलें होतें. वाकळीवर ठिगळें लावावीं तसे चट्टे, मांडीएवढी जाडी, मनुष्य दिसला तरी जागचें न हलणें, ही सारी अजगराची लक्षणें. अजगरास विष नसतें. भक्ष्यास विळखा घालून तो त्याचा प्राण घेतो. अशा रानांत “मोठा नाग” म्हणून जो दुसरा सर्प दिसतो ती बहुधा धामण असते. ती सात-आठ फूट लांब, चपळ, उंदीर खाऊन शेतकऱ्याचें धान्य राखणारी आणि पूर्ण निर्विष. जो खरा नागराज, तो केळझरच्या रानांत नाहीं, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कोणत्याच रानांत नाहीं. तेव्हां तो कोठें आहे व कसा आहे, हें मुलांस सांगणें प्राप्तच झालें.

नागराजाचें शास्त्रीय वर्णन प्रथम १८३६ सालीं थिओडोर कॅन्टर या डेन्मार्कच्या वैद्यानें केलें. तो त्या काळीं कंपनी सरकारच्या नोकरींत बंगालकडे होता. पुढें शास्त्रज्ञांनीं या सर्पास जें ग्रीक नांव दिलें त्याचा अर्थ “सर्पभक्षक” असा आहे, आणि तें नांव अन्वर्थक आहे. सामान्यतः हा दहा-बारा फूट वाढतो. १९३७ सालीं मलायांत पोर्ट डिक्सनजवळ पकडलेला एक नागराज लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत अठरा फूट नऊ इंच लांबीचा झाला होता. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच, बाँब पडून विषारी सर्प मोकळे सुटतील या भयानें, त्यास ठार करण्यांत आलें. जगांतील विषारी सर्पांत याच्याइतका लांब दुसरा नाहीं.

आपल्या नेहमींच्या नागाचा हा थोरला भाऊ, असें पुष्कळांस वाटतें. पण प्राणिशास्त्रांत याचें कूळच वेगळें मानलें आहे. नागाचा फणा रुंद, पसरट आणि त्यावर बहुधा दहाचा आंकडा किंवा चष्म्यासारखी खूण. नागराजाचा फणा अरुंद व लांबट, आणि तसली खूण त्यावर नसते. त्याच्या डोक्याच्या मागील भागावर दोन मोठे खवले असतात, ते नागास नसतात. पिलूं काळेंभोर व त्यावर पिंवळसर पट्टे असें असतें; वय वाढतां वाढतां पट्टे पुसट होतात आणि अंग तपकिरी किंवा शेवाळी रंगाचें होतें. हा डिवचला गेला म्हणजे अंगाचा एकतृतीयांश भाग उभा करतो. बारा फुटांचा सर्प चार फूट उभा राहिला असतां बसलेल्या मनुष्याच्या डोळ्याशीं डोळा भिडतो. त्याचा फूत्कारहि इतर सर्पांसारखा बारीक नसून खोल व घोगरा असतो. कुत्रें गुरगुरावें तसा तो ऐकूं येतो. त्याच्या श्वासनलिकेला जोडून लहान पिशव्या असतात, त्यांच्या योगानें हा आवाज घुमतो.

याचें मुख्य अन्न सर्प. धामण, नाग, चापडा, लहान अजगर, जें सांपडेल तें तो गिळतो, क्वचित्‌ घोरपडहि. गरुडाचें सर्पांशीं वैर आपण पुराणांत वाचतों, परंतु सर्पकुळांतच सर्पांचा असा काळ निर्माण झालेला आहे. मात्र दोन नर मादीसाठीं भांडूं लागले म्हणजे एकमेकांस चावत नाहींत. ते परस्परांस पीळ घालतात, मानेनें मान दाबतात, आणि ज्याचें डोकें जमिनीस टेकलें तो हार मानून निघून जातो. अशी ही कुस्ती तासन्‌तास चालते. ज्यांच्या दाढेंत मरण आहे त्यांनीं दाढेचा उपयोग न करतां भांडण मिटवावें, हें पाहून मनुष्यानें थोडें अंतर्मुख व्हावें असें आहे.

याहूनहि नवलाची गोष्ट त्याच्या मादीची. सर्प अंडीं घालून निघून जातात, अशी सामान्य समजूत आहे आणि बहुतेकांच्या बाबतींत ती खरीहि आहे. पण नागराजाची मादी घरटें बांधते. सर्पांमध्यें असें घरटें रचणारी हीच एक. तिला हात नाहींत, चोंच नाहीं. अंगाच्या वेटोळ्यानें वाळलेला पालापाचोळा ओढून ती ढीग रचते, तो दाबून घट्ट करते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांत वीस ते चाळीस अंडीं घालते. त्यावर पुन्हां पाचोळा रचून ती दोन महिन्यांच्यावर राखण करीत बसते. वळवाचा व मृगाचा पाऊस पडतो, पण ढीग असा चापून रचलेला असतो कीं आंतील अंड्यांस ओल लागत नाहीं; पाचोळा कुजतांना जी ऊब निर्माण होते ती त्यांस पुरते. अंडीं फुटण्याच्या सुमारास मादी निघून जाते. पिलें जन्मतःच दीड फुटाच्या आसपास असतात व जन्मतःच विषारी असतात. आईनें त्यांस कांहीं शिकवावयाचें उरलेलें नसतें.

आतां विषाविषयीं. थेंबास थेंब तोलला तर नागराजाचें विष नागाच्या किंवा मण्यारीच्या विषाहून सौम्य आहे. पण त्याचा सांठा फार मोठा. एका वेळीं निघणारें विष वाळवून तोललें तर तें चारशें-पांचशें मिलिग्रॅम भरतें. तें मज्जातंतूंवर आघात करतें; मनुष्याच्या पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते, आणि शेवटीं श्वासोच्छ्वास चालविणारे स्नायु थांबतात. असें असूनहि आपल्या देशांत नागराजाच्या दंशानें होणारे मृत्यु फारच विरळा. कारण तो मनुष्यापासून दूर राहतो, आणि समोरासमोर गांठ पडलीच तर उभें राहून, गुरगुरून, मनुष्यास परतण्याची पुरेशी संधि देतो. पश्चिम घाटांत कर्नाटकांतील आगुंबे येथें रोम्युलस व्हिटेकर यांनीं २००५ सालीं पर्जन्यवनाच्या अभ्यासाचें केंद्र स्थापिलें. तेथें २००८ सालापासून नागराजांच्या अंगांत लहान संदेशयंत्रें बसवून त्यांच्या मागोमाग हिंडणारे अभ्यासक आहेत. शेताच्या कडेनें, घरांच्या परसांतून हा सर्प जात असतो, आणि लोकांस त्याचा पत्ताहि नसतो.

अलीकडे याच्या कुळाविषयीं एक महत्त्वाचा निर्णय झाला. कॅन्टरपासून जवळजवळ दोनशें वर्षें नागराज ही एकच जाति मानली जात असे. २०२४ सालीं पी. गौरीशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं या चार जाति आहेत. त्यांपैकीं पश्चिम घाटांत राहणारी जाति निराळी ठरली, आणि कानडी लोक या सर्पास ज्या “काळिंग” नांवानें ओळखतात तेंच नांव तिला शास्त्रांत मिळालें. लोकांच्या तोंडचा शब्द विद्वानांनीं असा आदरानें उचलावा, हें मला फार योग्य वाटलें.

मराठी माणसास हा काळिंग पाहावयाचा असेल तर त्यानें दक्षिणेकडे जावें. गोमंतकांत म्हादईच्या व खोतीगांवच्या अभयारण्यांत तो आहे. तेथून खालीं कर्नाटकाचा व केरळचा घाटमाथा त्याचेंच राज्य. देशाच्या इतर भागांत हिमालयाचा पायथा, आसाम, सुंदरबन, ओरिसाचीं रानें आणि अंदमान येथें त्याचे सगेसोयरे राहतात. या सर्व स्थळांत एक गोष्ट समान आहे: दाट सावली, भरपूर पाऊस आणि ओलसर पाचोळा. बोरच्या रानांत चैत्र-वैशाखांत साग पूर्ण निष्पर्ण होतो, ऊन पंचेचाळीस अंशांवर जातें, आणि नेमका तोच काळ नागराजाच्या मादीचा घरटें बांधण्याचा. भट्टीसारख्या तापलेल्या त्या रानांत अंडीं जगावींत कशीं? तेव्हां केळझरच्या गुराख्यानें निश्चिंत असावें. त्याच्या रानांत नागराज नाहीं, आणि जेथें आहे तेथेंहि तो कोणाच्या वाटेला सहसा जात नाहीं.

हें सारें मीं ओसरीवर सांगितलें तेव्हां मुलांची थोडी निराशा झाली. म्हाताऱ्यानें तर उघडच अविश्वास दाखविला. पण आंतल्या दारांत उभ्या असलेल्या घरच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “मग गुरुजी, आमच्या सालदाराचा पोरगा कशानं गेला?”

गोष्ट त्याच वर्षीच्या श्रावणांतील होती. सतरा वर्षांचा मुलगा, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं जागलीस गेलेला. पहांटेच्या सुमारास पाऊस आला म्हणून शेतांतील झोपडींत जमिनीवर निजला. उजाडतांना पोटांत कळ येऊं लागली. वडिलांस वाटलें, रात्रीं कांहीं अरबटचरबट खाल्लें असेल. थोड्या वेळानें त्याच्या पापण्या मिटूं लागल्या; झोप अनावर झाली असावी असें म्हणून त्यास निजूं दिलें. अंगावर जखम नाहीं, सूज नाहीं, रक्त नाहीं. मग कोणीतरी “बाहेरचें” असल्याचें सुचविलें आणि त्यास मांत्रिकाकडे नेलें. दुपारीं श्वास थांबला. त्या घरास आजहि नक्की ठाऊक नाहीं कीं मुलगा कशानें गेला.

लक्षणें ऐकून ज्यास थोडी माहिती आहे त्यास संशय उरत नाहीं. हें मण्यारीचें काम. मण्यार तीन-चार फुटांची, निळसर काळी, अंगावर पांढऱ्या बारीक जोडरेघा; दिवसा लाजाळू, रात्रीं हिंडणारी. तिचे दांत इतके बारीक कीं निजलेल्यास दंश कळत नाहीं, आणि कळला तरी मुंगी किंवा ढेकूण चावल्यासारखा वाटतो. तिच्या विषाचा सांठा नागराजाच्या विसांशाइतकाहि नसतो, पण मनुष्यास तो पुरून उरतो. गांव बारा हात लांबीच्या सर्पाच्या गोष्टी सांगत बसतें, आणि पाळी येते ती हातभर लांबीच्या, कोणी न पाहिलेल्या सर्पाची!

संस्कृताचा अभ्यास ज्यांनीं केला त्यांस येथें सुश्रुताची आठवण होणें साहजिक आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत सर्पांचे ऐशीं प्रकार सांगितले असून त्यांचे मुख्य वर्ग केले आहेत. दर्वीकर म्हणजे पळीसारखा फणा असलेले. मंडली म्हणजे अंगावर मंडलें असलेले. राजीमंत म्हणजे अंगावर रेघा असलेले. त्यांखेरीज निर्विष आणि मिश्र जातीचे वैकरंज. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर दर्वीकर तो नाग, मंडली ती घोणस, राजीमंत ती मण्यार. पुढें सुश्रुत सांगतो कीं दर्वीकर दिवसा हिंडतात, मंडली रात्रीं, आणि राजीमंत रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं. सालदाराच्या मुलाचा प्रहर तोच होता. जें निरीक्षण आपल्या पूर्वजांनीं दोन हजार वर्षांच्या आसपास लिहून ठेवलें, तें त्या झोपडीपर्यंत पोंचलें नाहीं.

सुश्रुताचें दुसरें एक सूक्ष्म निरीक्षण आहे. दंश झाला तरी प्रत्येक वेळीं विष शिरतेंच असें नाहीं, निर्विष दंशहि असतो. आणि कधीं कधीं सर्पाचा नुसता स्पर्श झाल्यानें भित्र्या मनुष्याच्या अंगावर सूज येते, असें त्यानें म्हटलें आहे. आधुनिक वैद्यकासहि कोरडा दंश मान्य आहे. मांत्रिकाच्या कीर्तीचें सारें रहस्य येथें आहे. चावलेल्या दहांपैकीं कांहींस निर्विष सर्प चावलेला असतो, कांहींस विषारी सर्पाचा कोरडा दंश झालेला असतो. ते सारे मंत्रानें बरे झाले असें गांव मानतें; आणि जो दगावतो त्याचें आयुष्यच संपलेलें होतें असें म्हणून गप्प बसतें. मात्र सुश्रुताचें सर्वच आज चालणार नाहीं. दंशाच्या वर चार अंगुळें घट्ट बांधावें, हा त्याचा उपाय आतां वैद्यांनीं सोडून दिला आहे. कारण अशा बंधनानें अवयव काळा पडून कापावा लागतो, आणि घोणशीच्या दंशांत तर फार हानि होते. ग्रंथाचा आदर करणें आणि त्याच्या प्रत्येक ओळीस चिकटून बसणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुश्रुत स्वतः पाहणारा होता. त्याचा खरा वारसा पाहण्याचा आहे.

ही पाळी किती मोठी आहे, हें एका आंकड्यानें कळेल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष मनुष्यें मेलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें मांडला. म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि निम्म्याहून अधिक पावसाच्या चार महिन्यांतील. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली, आणि २०२४ सालीं भारत सरकारनें २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. बकासुरास वर्षाचीं तीनशें साठ माणसें लागत असतील. हा कर त्याच्या दीडशेंपटींहून अधिक आहे.

या करास उपाय आहे, आणि तो सिद्ध आहे. तामिळनाडांतील इरुळ जमातीच्या सर्पगारुड्यांनीं १९७८ सालीं सहकारी संस्था काढली. आपलें पिढीजात कसब वापरून ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें पकडतात, त्यांचें विष काढून घेतात आणि त्यांस पुन्हां रानांत सोडतात. तें विष अल्प अल्प प्रमाणांत घोड्यास टोंचलें म्हणजे घोड्याच्या रक्तांत त्यास मारक द्रव्य तयार होतें. तेंच शुद्ध करून जी सापाची लस होते, ती या चारहि विषांवर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचें नांव या कामीं महाराष्ट्रास परिचित आहे. नागराजाच्या विषावर मात्र आपली ही लस चालत नाहीं; त्यावरील औषध सयामांत बँकॉक येथें होतें. मण्यारीच्या रोग्यास कधीं कधीं लसीबरोबर यंत्रानें श्वास द्यावा लागतो, दोन-चार दिवस, क्वचित्‌ अधिक. परंतु तेवढे दिवस श्वास चालू ठेवला तर तो मनुष्य पूर्ववत्‌ उठून घरीं जातो. म्हणून वेळ हेंच खरें औषध. दंश झाला अशी शंका येतांच रोग्यास चालूं देऊं नये. चावलेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणें फळीस सैल बांधून स्थिर ठेवावा. कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. आणि थेट सरकारी रुग्णालय गांठावें. पावसाळ्यांत पहांटे पोटांत कळ आणि पापण्या जड, एवढ्यावरूनहि मण्यारीचा संशय धरावा.

घरीं जपण्याच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. जमिनीवर न निजतां खाटेवर निजावें, मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं खोंचाव्या. रात्रीं अंगणांत जातांना हातांत विजेरी असावी. सरपणाचे व गोवऱ्यांचे ढीग भिंतीस लागून नसावेत. नागपंचमीस पाटावर नाग काढून त्याची पूजा जरूर करावी, पण दूध हें सर्पाचें अन्न नव्हे हें मुलांस सांगावें. आणि आपल्या शेतावर जागलीस जाणाऱ्या सालदारास एक खाट आणि एक मच्छरदाणी द्यावी. एवढ्यानें त्याच्या घरची पाळी टळण्यासारखी आहे.

येथें कोणी म्हणेल, मग सर्प दिसला कीं मारावा, हेंच बरें. या विचाराचें उत्तरहि महाभारतांतच आहे. रुरु नांवाच्या ऋषिकुमाराची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशानें मेली. आपलें अर्धें आयुष्य देऊन त्यानें तिला परत मिळविलें, पण पुढें दंडा घेऊन दिसेल त्या सर्पास तो मारीत सुटला. एके दिवशीं त्यानें एका वृद्ध डुंडुभावर दंडा उगारला. डुंडुभ हा पाण्याकांठचा निर्विष सर्प. तो म्हणाला, मीं तुझें कांहींच केलें नाहीं. ज्यांनीं तुला दुखविलें त्यांच्याशीं माझें रूप तेवढें सारखें आहे. रुरूचा हात थांबला. आदिपर्वाच्या आरंभींच, जनमेजयाच्या सर्पसत्राच्या आधीं, व्यासांनीं ही लहानशी कथा ठेवली आहे. आपल्याकडे दरसाल जे सर्प मारले जातात त्यांत डुंडुभच अधिक असतात, धामणी तर असंख्य. धामण मेली म्हणजे उंदीर वाढतात, आणि उंदरांमागून घराशीं येतात ते नाग आणि घोणस.

केळझरहून निघालों तो वर्ध्यावरून सेवाग्रामास गेलों. १९३६ सालीं महात्माजी तेथें राहावयास आले तेव्हां त्या माळावर सर्पांचा सुळसुळाट होता. बापुकुटींत आजहि साप धरण्याचा एक लांब लांकडी चिमटा आणि एक पेटी ठेवलेली आहे. निघालेला साप चिमट्यानें धरावयाचा, पेटींत घालावयाचा, आणि दूर नेऊन सोडावयाचा, असा आश्रमाचा परिपाठ होता. त्याच गांवांत १९६९ सालीं महात्माजींच्या नांवानें वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि त्याच्या रुग्णालयांत आसपासच्या खेड्यांतून दंश झालेले लोक येतात. केळझरहून तेथें मोटारीनें पोंचण्यास तासाभराहून अधिक लागत नाहीं. त्या पहांटे उजाडल्यापासून दुपारपर्यंत सालदाराच्या मुलाजवळ सहा तास होते.